आवाज काढून दाखवा

तक्वारेंबोच्या वेशीबाहेर, निलगिरीच्या रांगेपाशी,
एलादिओ बेंतांकोरचं गॅरेज होतं.
आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन थंडी.
पाने हाताला चिकटायचे,
आणि मी पंधरा वर्षांचा, ते पुसायला ठेवलेला.

लोक गाडी आणत
आणि आवाज नेमका त्या दिवशी रजेवर.
मग एलादिओ म्हणायचा, आवाज काढून दाखवा.
मिशीवाली, जमीनजुमला असलेली माणसं
ओठांचा चंबू करून घुरघुरत.
खाटीक ओस्मारनं चर्रर्र केलं, पंख्याचा पट्टा सैल निघाला.
नोटरी फुसफुसले, ते गॅस्केट.
एकजण नुसताच "धाड्" म्हणाला आणि रडकुंडीला आला,
त्याला आधी येर्बाचा कडू काढा पाजला,
गाडीचं नंतर बघितलं.

नेलिदाबाई मात्र आवाज काढीनात.
एकोणचाळीस वर्षं शेतवस्त्यांवर बाळंतपणं केलेली बाई,
म्हणाल्या, ओरडायचं काम माझं कधीच नव्हतं.
सदुसष्ट सालची प्यूजो, करडी,
एक दार सुतळीनं बांधलेलं.
टक टक टक. त्यांच्याऐवजी तीच बोलली.

एलादिओचा उजवा कान कामातून गेलेला.
तो तोंडातली कवळी काढून ठेवायचा,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ जबड्याला,
आणि डोळे मिटायचा.
हाडानं ऐकायचा.
"खालचं बेअरिंग," म्हणाला. "इंजिन उतरवावं लागेल."
बाईंनी पर्स उघडली, आत बघितलं,
पैसे असतील तसं बघितलं नाही.

मग म्हणाल्या, थांबा.
पर्समधून लाकडी नळी काढली,
कर्ण्यासारखी, कडा झिजलेली,
बाळाचे ठोके ऐकायची.
"बंद करा ती. पोरा, तू हाताने फिरव. हळू."
मी हँडल घातलं. एक फेरी.
नळी झाकणावर, कान नळीवर,
दोन बोटं हवेत उचललेली, कुणी बोलू नये म्हणून.
दुसरी फेरी. टक्.
तिसरी. काही नाही.
चौथी. टक्.
माझ्या पाठीला घाम, नाकाला बर्फ.

"आईची नाडी वेगळी, बाळाची वेगळी," बाई म्हणाल्या.
"मिसळली की नवशिक्या घाबरतात.
हा दोन फेऱ्यांना एकदा बोलतो.
तुमचं ते खालचं दर फेरीला बोललं नसतं का?"

एलादिओ बराच वेळ काही बोलला नाही.
दात नव्हते म्हणून असेल.
मग त्यानं झाकण उघडलं,
तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी पातळ पत्ती सरकवली,
ती आत नुसती लोळली, एवढी फट.
स्क्रू पाव फेरी, वरून नट.
बेअरिंगचं नाव पुन्हा त्यानं काढलं नाही,
मीही काढलं नाही.

गाडी चालू केली.
छान, गुबगुबीत आवाज,
आणि त्यात, बारीक,
किट्किट्किट्किट्.
बाईंचा चेहरा उतरला.
आम्ही डोकी घातली आत, तिघांनी,
नळीनं ऐकलं, हाडानं ऐकलं,
मी माझ्या दोन धड कानांनी ऐकलं
आणि मीच बघितलं :
एअर फिल्टरच्या झाकणावर
एलादिओची कवळी
थंडी वाजल्यासारखी कुडकुडत होती.

पुढच्या मंगळवारी बाई परत आल्या.
आता मागे, डाव्या बाजूला काहीतरी, म्हणाल्या.
गाडी अर्थातच गप्प.
एलादिओनं कवळी नीट बसवली आणि विचारलं.
बाईंनी रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं,
पर्स माझ्या हातात दिली,
आणि मान वर करून
घशातून जे काही काढलं
त्यानं निलगिरीवरचे पोपट उडाले.

असा आवाज कुठल्याच भागाचा नाही, एलादिओ म्हणाला.
पुन्हा एकदा काढा.